ट्यूब ॲम्पची कुरकुर: स्क्रू ड्रायव्हरच्या आधी कान

ट्यूब ॲम्प चालू केला, स्टँडबायचा खटका दाबला आणि पहिला सूर छेडण्याआधीच स्पीकरमधून 'घूंऽऽ' सुरू झालं, की गिटारवादकाच्या पोटात गोळा येतो. लगेच मनात येतं, ट्यूब गेल्या. मग नव्या ट्यूबचा संच मागवला जातो, पाच-सात हजार रुपये जातात आणि नव्या ट्यूब लावल्यावरही तीच 'घूंऽऽ' ऐकू येते. दोष ट्यूबमध्ये नव्हताच, तो दुसरीकडे होता.

ॲम्पमधल्या नको असलेल्या प्रत्येक आवाजाला स्वतःचा पत्ता असतो. घूं, भणभण, सूंऽऽ, कडकड, शिट्टी, फट्-फट् हे सगळे वेगवेगळे आवाज आहेत आणि वेगवेगळ्या जागेतून येतात. कान देऊन ऐकलं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली, तर निम्म्याहून अधिक दोषांचा माग घरबसल्या, ॲम्प न उघडता लागतो. उरलेले दोष तंत्रज्ञाचे. पण त्याच्याकडेही नेमकी माहिती घेऊन जाता येतं. हा लेख त्यासाठी आहे.

आधी जीव, मग सूर

ट्यूब ॲम्पच्या पोटात साधारण ३०० ते ५०० व्होल्टचा डीसी दाब असतो. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर प्लग काढल्यावरही हा दाब धरून ठेवू शकतात. म्हणून हा नियम पाळा: मागच्या बाजूने दिसणाऱ्या ट्यूबना हात लावायला हरकत नाही, तोही ॲम्प बंद करून, प्लग काढून आणि ट्यूब थंड झाल्यावर, पण धातूची चासी उघडायची नाही. जुन्या 'ट्वीड' धाटणीच्या ॲम्पमध्ये मागची वरची फळी काढली की सर्किटच उघडं पडतं. तसं दिसलं, तर फळी जागच्या जागी लावून टाका.

दुसरा नियम अर्थिंगचा. 'घूं' कमी होते म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची जाड पिन काढणारे किंवा दोन पिनांचा ॲडाप्टर लावणारे लोक मी पाहिले आहेत. आवाज खरंच कमी होतो, पण ॲम्पमध्ये बिघाड झाला तर करंट तुमच्या गिटारच्या तारांमधून आणि तुमच्या शरीरातून जमिनीकडे जातो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी कार्यक्रम चालू असताना रंगमंचावरच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. अर्थ कधीही तोडू नका.

तिसरा नियम: स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर तो जळू शकतो, आणि तो सगळ्यात महाग भागांपैकी एक आहे. एखाद्या पॉवर ट्यूबच्या आतली धातूची पट्टी लालभडक झालेली दिसली, तर काही न तपासता ॲम्प लगेच बंद करा. काचेच्या आतल्या बाजूला मंद निळसर झाक दिसणं मात्र बहुतेक वेळा नैसर्गिक असतं. आणि फ्यूज उडाला तर त्याच क्षमतेचा, त्याच प्रकारचा लावा. त्याच्या जागी तार गुंडाळू नका.

पहिला संशयित: घरची वीज

दोन वर्षांपूर्वी माझा छोटा कॉम्बो ॲम्प संध्याकाळी भणभण करू लागला. सकाळी तोच ॲम्प शांत असे. मी प्रीॲम्पच्या ट्यूब बदलून पाहिल्या, फरक पडला नाही. मग वेळेकडे लक्ष गेलं. संध्याकाळी बैठकीच्या खोलीतला दिवा डिमरवर लावला जायचा. डिमर बंद केला आणि भणभण तिथल्या तिथे थांबली.

आपल्या घरांत असे चोर बरेच असतात. दिव्याचे डिमर, गोल फिरणारे इलेक्ट्रॉनिक पंख्याचे रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे, मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर यांपैकी काहीही कारण असू शकतं. डिमर आणि तसे रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापतात आणि त्या कापलेल्या कडांची भणभण पिकअप उचलतो. चार-पाच खटक्यांचा कपॅसिटरचा रेग्युलेटर त्या मानाने शांत असतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असाल आणि तो स्क्वेअर वेव्हचा असेल, तर भणभण अटळ आहे. म्हणून पहिली चाचणी अशी: ॲम्प चालू ठेवून खोलीतली एकेक वस्तू बंद करत जा. कोणत्या खटक्याला आवाज बदलला, ते लिहून ठेवा.

दुसरी चाचणी अर्थिंगची. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने प्लग पॉइंट तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर काही व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये बरेच व्होल्ट दिसले, किंवा फेज-अर्थमध्ये २३० च्या आसपासही दिसले नाहीत, तर तुमच्या भिंतीतली अर्थची तार नावापुरतीच आहे. जुन्या चाळींत आणि वाड्यांत हे नेहमी आढळतं. हे काम ॲम्पच्या दुरुस्तीआधी करून घ्या.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनी आणलेला ११०-१२० व्होल्टचा ॲम्प वापरत असाल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नीट पाहून घ्या. पुष्कळ स्वस्त ट्रान्सफॉर्मरना दोन पिनांचाच सॉकेट असतो, म्हणजे अर्थ तिथेच तुटतो. अर्थ पुढे नेणारा आणि ॲम्पच्या गरजेपेक्षा जास्त क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्या.

दुसरा संशयित: गिटार, केबल आणि पेडल

आता ॲम्पच्या इनपुटमधून केबल काढा. बहुतेक ॲम्पमध्ये काही जोडलेलं नसताना इनपुट जॅक आतल्या आत अर्थला जोडला जातो. त्यामुळे केबल काढल्यावर आवाज गेला, तर दोष ॲम्पच्या बाहेर आहे. राहिला, तर आत आहे. या एका चाचणीने शोधाचं क्षेत्र अर्धं होतं.

दोष बाहेर असेल तर सगळी पेडल बाजूला ठेवून गिटार एकाच चांगल्या केबलने थेट ॲम्पला लावा. पेडलमुळे भणभण येत असेल, तर एकाच ॲडाप्टरवर सगळी पेडल साखळीने जोडलेली आहेत का ते बघा. संशयित पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोषी ॲडाप्टर आहे.

सिंगल-कॉइल पिकअपची गिटार असेल तर थोडी भणभण तिच्या स्वभावातच आहे. गिटार हातात धरून जागेवर हळूहळू वळा. काही कोनांत आवाज कमी होत असेल, तर पिकअप हवेतलं चुंबकीय क्षेत्र उचलतोय. याच त्रासावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन कॉइलचा हमबकर बनवला आणि १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. तारांना बोट लावल्यावर आवाज कमी होणं हेही स्वाभाविक आहे. तारा अर्थला जोडलेल्या आहेत असा त्याचा अर्थ. बोट लावूनही काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजखालची अर्थची तार तुटली असण्याची शक्यता आहे.

दोन ॲम्प एकदम वापरताना किंवा ॲम्पचा सिग्नल मिक्सरला देताना जी 'घूं' येते, ती बहुधा ग्राउंड लूपची असते. शक्य असल्यास सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा. तरीही राहिली, तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरून त्याचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा. तो खटका सिग्नलच्या केबलचा अर्थ सोडवतो, विजेच्या प्लगचा नाही, म्हणून तो सुरक्षित आहे.

'घूं' किती खोल आहे?

इनपुट रिकामा असूनही 'घूं' येत असेल, तर तिचा सूर ओळखा. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबचे हीटर बहुधा ६.३ व्होल्टच्या एसीवर चालतात, त्यामुळे हीटरच्या तारांतून गळणारी 'घूं' ५० हर्ट्झची असते. पॉवर सप्लायमध्ये एसीचा डीसी होताना लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरले जातात, म्हणून तिथून निसटणारी 'घूं' १०० हर्ट्झची असते.

गिटारवादकाला यासाठी यंत्राची गरज नाही. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर ९८ हर्ट्झचा असतो. 'घूं' या सुराशी जवळजवळ जुळली, तर ती १०० हर्ट्झची आहे आणि संशय फिल्टर कपॅसिटरवर जातो. याच सुराच्या एक सप्तक खाली जुळली, तर हीटर, ग्राउंड लूप किंवा आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र. अमेरिकी पुस्तकं आणि व्हिडिओ ६० आणि १२० हर्ट्झ सांगतात. आपल्याकडे ते आकडे चालत नाहीत.

फिल्टर कपॅसिटर वयाने आणि उष्णतेने आतून सुकत जातात. त्यांची टोपी फुगलेली किंवा तळाशी ओघळ आलेला दिसला तर दोष उघडच आहे, पण न दिसताही ते निकामी झालेले असू शकतात. 'घूं' सोबत खालचे सूर पिचपिचीत लागत असतील, किंवा ॲम्प काहीही न वाजवता मोटरबोटीसारखा 'फट्-फट्-फट्' करत असेल, तरी बोट याच कपॅसिटरकडे जातं. वर्षानुवर्षं बंद असलेला ॲम्प थेट चालू करू नका. तंत्रज्ञ तो डिमरस्टॅटवर हळूहळू दाब वाढवत किंवा सिरीज लॅम्प लावून जागा करतो.

पुश-पुल ॲम्पमध्ये पॉवर ट्यूबची जोडी एकमेकींची 'घूं' मोठ्या प्रमाणात खोडून काढते. जोडीतली एक थकली किंवा दोघींचा करंट जुळत नसेल, तर ती खोडणी बिघडते. अशा वेळी जुळवलेली जोडी आणि तंत्रज्ञाकडून बायस तपासणी हा उपाय. फेंडर चॅम्पसारख्या एकाच पॉवर ट्यूबच्या ॲम्पमध्ये मात्र खोडून काढणारी जोडीदारच नसते. तिथे हलकी 'घूं' राहणारच. तिच्यामागे पैसे घालवू नका.

एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. स्टँडबायवर टाकूनही गुणगुण चालूच असेल आणि ती स्पीकरऐवजी लाकडातून येत असेल, तर ट्रान्सफॉर्मर थरथरतोय. बऱ्याचदा त्याचे बोल्ट आवळून काम होतं.

व्हॉल्यूमची कळ काय सांगते

आता व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज गेला, तर तो त्या कळीच्या आधीच्या टप्प्यातून येतोय. राहिला, तर पुढच्या टप्प्यातून किंवा पॉवर सप्लायमधून. हेच ट्रेबल, रिव्हर्ब आणि मास्टरच्या कळींनी करा. रिव्हर्ब शून्यावर नेल्यावर 'घूं' गेली, तर रिव्हर्बच्या स्प्रिंगची पेटी पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळ आहे किंवा तिच्या केबलची जोडणी सैल आहे.

त्यानंतर ट्यूब. ॲम्प बंद करून, थंड झाल्यावर, इनपुट जॅकजवळची पहिली छोटी ट्यूब काढा. ती बहुधा १२एएक्स७ असते, युरोपीय नावाने ईसीसी८३. ॲम्प पुन्हा चालू करा. आवाज गेला, तर दोष त्या ट्यूबचा किंवा तिच्या भोवतालच्या भागांचा. राहिला, तर ॲम्प बंद करून पुढची ट्यूब काढा. आवाज थांबला तिथे तुम्ही पत्त्यावर पोहोचलात. पॉवर ट्यूब मात्र अशा एकेक काढत बसू नका. दोन चॅनलच्या फेंडर ॲम्पमध्ये पहिली ट्यूब नॉर्मल चॅनलची आणि दुसरी व्हायब्रॅटो चॅनलची असते, हे ध्यानात ठेवा. काही मोजक्या ॲम्पमध्ये हीटर एकामागे एक जोडलेले असतात आणि एक ट्यूब काढली की दुसऱ्याही विझतात. तिथे काढण्याऐवजी खात्रीची ट्यूब बदलून पाहा. म्हणूनच एक चांगली १२एएक्स७ नेहमी पिशवीत असू द्या. वाद्याच्या केसमध्ये तारांचा जादा संच असतो, तशी.

सूंऽऽ आणि कडकड

थोडी 'सूंऽऽ', म्हणजे हिस, प्रत्येक ट्यूब ॲम्पला असते. गेन वाढवला की ती वाढते. ती अचानक वाढली तरच दोष समजा. आधी पहिली ट्यूब बदलून पाहा. फरक पडला नाही, तर जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरवर संशय घ्या. ट्यूबच्या प्लेटला जोडलेले, बहुधा १०० किलो-ओहमचे, हे रेझिस्टर वयाने सूं-सूं आणि तळल्यासारखी तडतड करू लागतात. त्यांच्या जागी मेटल फिल्म रेझिस्टर बसवून घेतला की शांतता येते. हे तंत्रज्ञाचं काम आहे, पण सामान दहा-वीस रुपयांचं असतं.

कडकड, खरखर आणि मध्येच आवाज जाणं ही आपल्या हवेची खास देणगी. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात चार महिन्यांच्या दमट हवेत जॅक, ट्यूबचे सॉकेट आणि पिना गंजतात. ॲम्प बंद करून सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारा, ट्यूब तीन-चार वेळा आत-बाहेर करा आणि पूर्ण सुकू द्या. कळ फिरवताना खरखर होत असेल तर तिच्यातही क्लीनर घालून ती वीस-पंचवीस वेळा फिरवा. त्यासाठी चासी उघडावी लागत असेल, तर ते तंत्रज्ञावर सोपवा. साफ केल्यावरही खरखर राहिली, तर गळका कपलिंग कपॅसिटर कळीपर्यंत डीसी पोहोचवत असण्याची शक्यता आहे.

इफेक्ट्स लूप असलेल्या ॲम्पमध्ये आवाज मधूनमधून जात असेल तर सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलने जोडून पाहा. आवाज परत स्थिर झाला, तर रिटर्न जॅकच्या आतला संपर्क गंजला आहे. पावसाळ्यात हा दोष वारंवार दिसतो आणि दोन मिनिटांत कळतो.

शिट्टी, किंकाळी, फीडबॅक

फीडबॅक दोन वाटांनी येतो: हवेतून आणि तारांतून. ओळखण्याची पद्धत सोपी आहे. शिट्टी चालू असताना गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. शिट्टी थांबली तर ती हवेतून आली: स्पीकरचा आवाज गिटारला थरथरवतो आणि गिटार तोच आवाज पुन्हा ॲम्पला देते. चालूच राहिली, तर ॲम्प स्वतःशीच भांडतोय.

हवेतून येणारा फीडबॅक नेहमीच शत्रू नसतो. बीटल्सच्या १९६४ सालच्या 'आय फील फाइन'ची सुरुवात त्यानेच होते, आणि जिमी हेंड्रिक्सने त्याला वाद्याचाच भाग बनवलं. सुरात घुमणारा, बोटाने आवरता येणारा फीडबॅक संगीताच्या कामाचा असतो. तीक्ष्ण, कोणत्याच सुराची नसलेली शिट्टी मात्र मायक्रोफोनिक पिकअपची. पिकअपजवळ तोंड नेऊन मोठ्याने बोला. तुमचा आवाज स्पीकरमधून ऐकू आला, तर पिकअपच्या कॉइलचे वेढे सैल झाले आहेत. पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून ते घट्ट करतात. पण प्लास्टिकचा साचा उष्णतेने वाकू शकतो, म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडे द्या.

ॲम्पच्या आतल्या शिट्टीचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे मायक्रोफोनिक ट्यूब. कॉम्बोमध्ये ट्यूब स्पीकरच्याच पेटीत रोज हादरे खातात आणि आतले नाजूक भाग सैल होतात. ॲम्प चालू ठेवून, गेन थोडा वाढवून, लाकडी चॉपस्टिकने एकेका ट्यूबला हलकेच टक् करा. पहिली ट्यूब थोडी 'टक्' ऐकवतेच. पण घंटेसारखा घुमणारा आवाज, कडकड किंवा किंकाळी आली, तर दोषी सापडली. ती टाकून देऊ नका. फेज इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या टप्प्याच्या, जागी त्याच नंबरची ट्यूब असेल, तर दोघींची अदलाबदल करा. त्या टप्प्यानंतर फारसं वर्धन उरलेलं नसल्यामुळे तिचा त्रास तिथे बहुधा जाणवत नाही. छोट्या ट्यूबवरचं धातूचं झाकण हरवलं असेल तर तेही नवं लावा.

ट्यूब निर्दोष असतील तर कारण जोडणीत असतं. इनपुटची तार आउटपुटच्या तारेजवळून गेली की ॲम्प शिट्टी घालतो, विशेषतः गेन आणि ट्रेबल दोन्ही वर असताना. कधीकधी ही शिट्टी इतकी उंच असते की कानाला ऐकूच येत नाही. आवाज फक्त बारीक, दमलेला लागतो आणि पॉवर ट्यूब अवाजवी तापतात. आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर नुकताच बदलला असेल व पहिल्याच वेळी ॲम्पने भयंकर आक्रोश केला, तर तो लगेच बंद करा. ट्रान्सफॉर्मरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. आवाज आवरण्यासाठी असलेला निगेटिव्ह फीडबॅक त्यामुळे पॉझिटिव्ह होतो. दोन तारांची अदलाबदल एवढाच उपाय आहे, पण ती तंत्रज्ञानेच करायची.

तंत्रज्ञाकडे जाताना

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले कारागीर आता थोडेच उरलेत. सुटं सामान मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत अजून शोधता येतं. चांगला तंत्रज्ञ मिळाला तर त्याचा वेळ वाया घालवू नका. 'आवाज येतो' एवढंच सांगितलं, तर तो दोन तास नुसतं शोधण्यात घालवील आणि ते पैसे तुमचेच जातील. एका कागदावर लिहून न्या:

१. आवाज कसला: घूं, भणभण, सूं, कडकड, शिट्टी की फट्-फट्. घूं असेल तर कोणत्या सुराची.
२. केबल काढल्यावर तो राहतो की जातो.
३. कोणत्या कळीने तो बदलतो, कोणत्या कळीने बदलत नाही.
४. कोणती ट्यूब काढल्यावर किंवा बदलल्यावर फरक पडला.
५. चालू केल्याबरोबर येतो की तापल्यावर. नेहमी येतो की काही ठरावीक वेळी.
६. याआधी कोणी काय बदललं होतं.

ट्यूब ॲम्प हे बिघडलं की टाकून द्यायचं यंत्र नाही. लिओ फेंडरच्या आणि जिम मार्शलच्या कारखान्यांतून साठ वर्षांपूर्वी निघालेले ॲम्प आजही वाजतात, कारण त्यांचा प्रत्येक भाग सुटा काढून बदलता येतो. म्हणून पुढच्या वेळी ॲम्प कुरकुरला, तर नव्या ट्यूबची ऑर्डर देण्याआधी वही-पेन घेऊन त्याच्यासमोर अर्धा तास बसा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जे ऐकाल ते लिहा. अर्थिंगला हात लावू नका आणि चासी उघडू नका. बाकी शोध तुमच्या कानांनी घ्यायचा आहे, आणि गिटारवादकाचे कान त्यासाठी पुरेसे तयार असतात.